कमी बजेटमध्ये लग्न करायचंय? सुरुवात माणसांच्या यादीपासून करा

लग्न ठरलं की पहिल्या आठवड्यातच घरात हॉल बघायची घाई सुरू होते, मामा एका लॉन्सचं नाव सांगतात, ताईला दुसरंच आवडलेलं असतं, आणि कोणीतरी जाऊन अॅडव्हान्स देऊनही येतं. आमच्या नात्यातल्या बऱ्याच लग्नांचा हिशोब माझ्याकडे असतो, वही माझ्याच हातात असते, त्यामुळे पैसे नेमके कुठून निसटतात ते मी जवळून बघितलंय. ज्यांच्याकडे तीन लाखांच्या वर काढायला पैसेच नाहीत, किंवा आहेत पण ते लग्नात घालायचे नाहीयेत, अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितेय. सगळं महाराष्ट्रातल्या लग्नांना धरून आहे, पुणे-नाशिकच्या आसपासची तालुक्याची गावं डोळ्यासमोर ठेवून, मुंबईत असाल तर हॉलचे आकडे वाढवून धरा.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. खर्च ठरतो तो किती माणसं आणि किती कार्यक्रम या दोन आकड्यांवर. शंभर माणसं वाढली की शंभर ताटं तर वाढतातच, पण हॉल मोठा घ्यावा लागतो, खुर्च्या वाढतात, बस एकाच्या दोन होतात, वाढपी वाढतात, साऊंड मोठा लागतो, आणि मग स्टेज लहान दिसतं म्हणून डेकोरेशनही वाढतं. पत्रिकेत शंभर रुपये वाचवायला चार दुकानं फिरणारे लोक यादीत दीडशे माणसं सहज वाढवतात आणि मग म्हणतात महागाई फार झालीय.

पायरी १: दोन्ही घरांची बैठक, पण त्याआधी दोघांची

नवरानवरीने आधी आपापसात बोलायचं. आपल्याकडे आपले स्वतःचे किती आहेत, आईबाबांकडून किती घ्यायचे, लग्नानंतर लगेच घरभाड्याचं डिपॉझिट, गॅस, भांडीकुंडी यांना किती लागणार, हे सगळं एका कागदावर मांडा. मग उरेल तो आकडा लग्नाचा. आधी लग्न करू आणि उरलं तर संसार बघू असं केलं की पहिलं वर्ष हप्त्यांत जातं.

मग दोन्हीकडच्या मोठ्यांना एकत्र बसवा. आपल्याकडे सुपारी फुटताना याद करायची पद्धत आहेच, कोणी काय करायचं ते लिहून घ्यायचं, तिचा चांगला उपयोग करा. या बैठकीत बोलायला संकोच वाटतो, विशेषतः मुलीकडच्यांना, त्यामुळे मुलाने स्वतः तोंड उघडलेलं सगळ्यात बरं. "बाबा, काका, आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय की दोन्हीकडची मिळून दीडशे माणसं आणि खर्च निम्मा निम्मा, यात कमीजास्त काय वाटतं ते आत्ताच सांगा" एवढं मुलाने म्हटलं तरी पुढचे दोन महिने सोपे जातात. मुलीच्या वडिलांनी हेच बोललेलं वेगळं ऐकू येतं, ते बरोबर नाहीये पण आहे तसं आहे.

बैठकीत ठरलेलं सगळं त्याच संध्याकाळी दोन्ही घरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. साखरपुडा वेगळा की लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद एकत्र की आपापल्या घरी, मानपानाच्या साड्या किती, बसचं भाडं कोणाचं. आणि हुंड्याबद्दल, कोणत्याही नावाने, "मुलाला गाडी", "फ्लॅटला थोडी मदत", "तुमच्या मुलीलाच तर देताय" अशा रूपात कोणी काही मागितलं तर तिथेच थांबा. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे, आणि कायद्याचं राहू द्या, ज्या घराला लग्नाआधी मागायला लाज वाटत नाही ते घर नंतरही मागतच राहतं.

पायरी २: यादी

ही पायरी सगळ्यात अवघड. हिला पूर्ण आठवडा द्या.

नावं लिहू नका, डोकी लिहा. "जोशी काका" लिहिलं की एक दिसतं आणि येतात पाच जण. म्हणून प्रत्येक घरापुढे आकडा टाका, काका-काकू २, मुलगा-सून २, नातू १. आधी ज्यांच्याशिवाय लग्न लागूच शकत नाही ते लिहा, आईवडील, भावंडं, आजी-आजोबा, सख्खे काका-मामा-आत्या-मावशी. हे दोन्हीकडचे मिळून बहुतेक साठ-सत्तरच्या आसपास येतात. मग दोघांचे जवळचे मित्रमैत्रिणी. मग चुलत-मावस, शेजारी, ऑफिस. बजेटमधला आकडा जिथे भरेल तिथे रेघ मारायची, आणि रेघेखालच्यांसाठी दुसरा मार्ग काढायचा.

दुसरा मार्ग म्हणजे काय, तर गावाकडे लग्न असेल तर चूलबंद आमंत्रणाची पद्धत असते, अख्खं घर जेवायला, आणि भावकी दोनशे घरांची असली की संपलंच. तिथे मुहूर्ताला घरटी एक माणूस बोलवा आणि दुसऱ्या दिवशी घरी सत्यनारायण ठेवून सगळ्या गावाला तीर्थप्रसाद आणि चहाला बोलवा. लोक येतात, नवरीला बघतात, म्हाताऱ्या बायका ओटी भरतात, कोणाला वगळल्यासारखं वाटत नाही, आणि रव्याच्या शिऱ्यात आणि चहात सगळं बसतं. ऑफिसवाल्यांना नंतर पेढे पुरतात. लांबच्या नातेवाइकांना आईबाबांनी स्वतः फोन करून सांगायचं की लग्न छोटं ठेवलंय, तुमचे आशीर्वाद हवेत, जोडीने घरी येऊन नमस्कार करून जातील. फोन मात्र करायचाच, मेसेज टाकून भागवायचं नाही, माणसं दुखावतात ती दुसऱ्याकडून कळलं म्हणून.

केळवणं तर मोठी सोय आहे. जे नातेवाईक लग्नात मावणार नाहीत त्यांच्याकडे केळवणाला जा, त्यांचा मान राहतो, तुमची भेट होते.

पायरी ३: लग्न कोणत्या पद्धतीने

सगळ्यात स्वस्त म्हणजे रजिस्टर लग्न, विशेष विवाह कायदा १९५४ खाली. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहत असला पाहिजे, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती ऑफिसात लागते, ३० दिवसांत योग्य हरकत आली नाही की लग्न करता येतं. नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांच्या आत लग्न करायचं, नाहीतर नोटीस परत द्यावी लागते, त्यामुळे नोटीस फार लवकर देऊन ठेवू नका. त्या दिवशी ३ साक्षीदार लागतात. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, आणि आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम किंवा जोडीदाराचा मृत्यू दाखला. नोटिशीचा अर्ज आपल्या राज्यात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाईटवरून करता येतो, सरकारी फी किरकोळ आहे, एजंट हजारो रुपये मागतात त्याची काही गरज नाही, फॉर्म वाचता येणाऱ्या कोणालाही जमेल.

रजिस्टर केलं म्हणजे समारंभ करायचाच नाही असं नाही. सकाळी ऑफिसात सह्या, दुपारी पन्नास माणसांचं जेवण, आजीच्या समाधानासाठी घरच्या देवापुढे हार घालणं, एवढ्यात छान दिवस होतो.

इथे एक गोंधळ बऱ्याच जणांचा असतो म्हणून स्पष्ट सांगते. विशेष विवाह कायद्याखालचं लग्न आणि विधिवत लग्न लावून मग त्याची नोंदणी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिंदू विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५५ च्या, लग्न होतं ते विधींनी, सप्तपदी किंवा तुमच्या समाजात जी रीत असेल तिने, नोंदणी हा त्याचा पुरावा. २०२४ साली सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटने ते लग्न धरलं जात नाही. त्यामुळे विधी नकोच असतील तर सरळ विशेष विवाह कायद्याने जा, आणि विधी करणार असाल तर नीट करा, त्यांचे फोटो ठेवा.

दुसरा पर्याय देवस्थानाचा. आळंदीत तर लग्नांसाठी मंगल कार्यालयं आणि धर्मशाळा ओळीने आहेत, गुरुजी, हार, जेवण सगळं एका ठिकाणी ठरवता येतं, छोट्या लग्नांची तिथे सगळ्यांना सवय आहे. तुमच्या गावच्या ग्रामदैवताच्या देवळाचा सभामंडपही बघा, ट्रस्ट नाममात्र भाडं घेते, फक्त जेवणाची जागा आहे का ते विचारा. एक सावधगिरी, संस्थेने किंवा गुरुजींनी दिलेलं सुंदर छापील प्रमाणपत्र म्हणजे सरकारी नोंदणी नव्हे, ती वेगळी करावीच लागते.

सत्यशोधक पद्धत हाही खूप चांगला मार्ग आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी भटजीशिवाय असं पहिलं लग्न लागलं. वधूवर सगळ्यांसमोर एकमेकांना शपथ देतात, मंगलाष्टका मराठीत असतात आणि पाहुण्यांना कळतात, अक्षतांऐवजी फुलं टाकतात. सामग्री कमी, वेळ कमी, आणि मला तरी यात नवरानवरी एकमेकांशी बोलतात ते फार आवडतं.

सामुदायिक विवाह सोहळ्यात लग्न करायला कमीपणा वाटून घेऊ नका. राज्य सरकारची शुभमंगल सामूहिक/नोंदणीकृत विवाह योजना आहे, शेतकरी-शेतमजूर कुटुंबातल्या मुलींसाठी, तिचं अनुदान २०२४ च्या बजेटमध्ये १० हजारांवरून २५ हजार केलं. उत्पन्नाची आणि रहिवासाची अट असते, चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायची. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्तांसाठी कन्यादान योजना समाजकल्याणकडे आहे. आंतरजातीय लग्नात अटी बसत असतील तर ५० हजारांची मदत मिळते, तीही समाजकल्याणकडूनच. नोंदणीकृत बांधकाम कामगाराला स्वतःच्या पहिल्या लग्नासाठी कामगार कल्याणकारी मंडळाकडून ३० हजार मिळतात. हे पैसे लग्नाच्या दिवशी हातात येत नाहीत, नंतर येतात, त्यामुळे खर्चाच्या हिशोबात धरू नका. पण अर्ज जरूर करा, तुमच्या हक्काचे आहेत.

पायरी ४: तारीख

मे महिन्यातला रविवार, दुपारचा मुहूर्त, शाळांना सुट्टी, यापेक्षा महाग दिवस नाही. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो आणि चातुर्मास लागेपर्यंत चालतो, त्यातला मंगळवार-बुधवारचा मुहूर्त घ्या, हॉलवाला स्वतःहून भाव कमी करतो. मुहूर्ताचा हट्ट नसेल किंवा गुरुजी काढीव मुहूर्त देत असतील तर जुलै-ऑगस्टमध्ये कार्यालयं रिकामी असतात, पावसाची तयारी ठेवायची एवढंच. अक्षय तृतीयेला मुहूर्त बघावा लागत नाही म्हणून सगळेच त्या दिवशी लग्न काढतात, तो दिवस टाळा.

पायरी ५: हॉल

आता हॉल. डोकी ठरली, तारीख साधारण ठरली, आता जाऊन बघा, आणि दीडशे माणसांना दीडशे-दोनशेचाच हॉल घ्या, मोठ्या लॉनवर दीडशे माणसं विखुरतात आणि लग्न रिकामं दिसतं. मंगल कार्यालय शोधायच्या आधी जातीच्या-ज्ञातीच्या संस्थांचे हॉल, सोसायटीचा क्लब हाऊस, शाळेचं सभागृह, नगरपालिकेची सांस्कृतिक भवनं, वाचनालयाचा हॉल बघा. भाडं निम्म्यापेक्षा कमी असू शकतं.

भाड्याचा आकडा ऐकून खूश होऊ नका, खरा खर्च त्याच्या खाली लपलेला असतो. विचारायचं ते असं: एक दिवस म्हणजे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आदल्या संध्याकाळी हळदीला किल्ली मिळते का आणि त्याचे वेगळे पैसे का. लाईटबिल भाड्यात की युनिटप्रमाणे, युनिटप्रमाणे असेल तर आत शिरताना मीटरचा फोटो काढायचा आणि निघतानाही. जनरेटरचं डिझेल कोणाचं. सफाईचे किती. पाण्याचा टँकर लागला तर कोण देणार, मे महिन्यात हा प्रश्न हमखास येतो. केटरर आणि डेकोरेटर त्यांचाच घ्यावा लागतो का, बाहेरचा आणला तर रॉयल्टी किती. खोल्या किती आणि त्यात एसीचे वेगळे का. भांडी फुटली-हरवली तर काय दर. सांगितलेल्या रकमेत जीएसटी धरलाय का, हे तर पहिल्याच वाक्यात विचारा, कारण १८ टक्के ही छोटी रक्कम नाही. अनामत किती दिवसांत परत. लग्न पुढे ढकललं तर अॅडव्हान्सचं काय.

हे सगळं पावतीच्या मागे का होईना लिहून सही घ्या. मॅनेजर चांगला आहे म्हणून तोंडी ठरवलं आणि लग्नाच्या दिवशी तो मॅनेजर ड्युटीवरच नाही असं होतं, आमच्या घरात झालंय, नव्या माणसाशी नवरीच्या वडिलांना घासाघीस करावी लागली आणि तिकडे मंगलाष्टका सुरू झालेल्या.

पायरी ६: जेवण

इथे कंजूषी करू नका आणि उधळपट्टीही करू नका. लोकांना लग्नातलं काही लक्षात राहिलंच तर जेवण गरम होतं का आणि पुरलं का एवढंच राहतं.

पदार्थ कमी ठेवा आणि जे ठेवाल ते उत्तम असू दे. वरणभात-तूप-लिंबू, मसालेभात, पुरी, बटाट्याची सुकी भाजी, अळूची पातळ भाजी नाहीतर वांगं, कोशिंबीर, पापड-कुरडई, मठ्ठा, आणि एकच गोड, जिलेबी किंवा श्रीखंड. हे पूर्ण जेवण आहे. चाट काउंटर, पास्ता, चायनीज, तीन प्रकारच्या रोट्या आणि आईस्क्रीम लावलं की ताटाचा भाव दुप्पट होतो आणि लोक सगळं थोडं थोडं घेऊन अर्धं टाकतात. दुपारचंच जेवण ठेवा. संध्याकाळी वेगळं रिसेप्शन म्हणजे दुसरं लग्नच, तीच माणसं परत, तीच ताटं परत, हॉलचं भाडं वाढीव. लग्न लागलं की स्टेजवरच तासभर भेटीगाठी करा आणि त्यालाच रिसेप्शन म्हणा.

पंगत की बुफे हा प्रश्न दरवेळी निघतो. दीडशेपर्यंत माणसं असतील तर मी पंगतच सांगेन. वाढपी लागतात हे खरं, पण वाढून घेतलेलं अन्न कमी टाकलं जातं, म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागत नाही, आणि भाऊ-मावसभाऊ वाढायला उतरले की पंगतीला जो आग्रह होतो तो बुफेत होत नाही.

केटररशी बोलताना "मिनिमम गॅरंटी" नीट समजून घ्या. तुम्ही दीडशेची गॅरंटी दिलीत आणि एकशेवीस आले तरी पैसे दीडशेचेच. उलट केटरर थोडं जास्तीचं करतोच. त्यामुळे यादीत दीडशे डोकी असतील तर गॅरंटी एकशेतीसची द्या आणि वरच्या ताटांचा दर आधीच ठरवा. पक्का आकडा तीन-चार दिवस आधी कळवायचा असतो, त्याआधी घरातल्या दोघांना बसवून सगळ्यांना फोन करा, येताय ना, किती जण. ताटं मोजायला आपला एक माणूस उभा करा, सुरुवातीला चळतीत किती ताटं होती आणि शेवटी किती उरली एवढं त्याने लिहायचं. नाश्ता आणि चहा वेगळ्या दराने असतो, तो फक्त सकाळपासून असणाऱ्या घरच्यांसाठी सांगा, सगळ्यांसाठी नाही.

गावाकडे असाल आणि भावकीतली माणसं हाताशी असतील तर केटररऐवजी आचारी ठरवून किराणा आपण भरा. दीडशे माणसांच्या वरच्या मेन्यूला साधारण तांदूळ १२ ते १५ किलो, तूरडाळ ४ ते ५ किलो, पुरीची कणीक १५ किलो, बटाटे २० किलो, जिलेबी १५ किलो, मठ्ठ्याला दही १० ते १२ किलो आणि तेलाचा १५ किलोचा एक डबा, पण शेवटचा शब्द आचाऱ्याचा, त्याच्याकडून यादी लिहून घ्या आणि त्याच्या यादीत जे अंदाजाने जास्त वाटतं ते दुकानदाराला "उरलं तर परत घ्याल ना" असं आधीच विचारून घ्या. सीलबंद माल बहुतेक दुकानदार परत घेतात. गॅस सिलेंडर, शेगड्या, मोठी पातेली कोण आणणार हे ठरवायचं राहून जातं आणि मग पहाटे पाचला धावपळ होते.

उरलेल्या अन्नाचं आधीच ठरवून ठेवा. पुण्या-मुंबईत रॉबिन हूड आर्मीसारखे स्वयंसेवक अन्न घेऊन जातात, गावात आश्रमशाळा, वसतिगृह असतं. दुपारी तीनला फोन शोधत बसलात तर अन्न खराब होतं.

पायरी ७: कपडे, मानपान, सोनं

मानपानाच्या साड्या आणि टॉवेल-टोपी हा माझ्या मते सगळ्यात वाया जाणारा खर्च आहे. इकडून चाळीस साड्या जातात, तिकडून चाळीस येतात, कोणालाच आवडत नाहीत, आणि त्याच साड्या पुढच्या लग्नात फिरतात. बैठकीतच ठरवा की दोन्हीकडे फक्त आईवडील, आजी-आजोबा आणि करवली, बाकी कोणाला नाही. पत्रिकेत "आहेर आणू नये" छापलं की तुमच्यावरचं परतीच्या आहेराचं ओझंही जातं.

नवरीचे कपडे: एक चांगली साडी पुरते, जी पुढे दहा वर्षं नेसता येईल अशी घ्या. पैठणीचा हट्ट असेल तर येवल्याला जाऊन विणकरांकडे बघा, हातमागाची परवडत नसेल तर सेमी पैठणी म्हणून विकतात तीच सेमी म्हणून, त्याच भावाने घ्या, हातमागाची म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर नको. आईचा शालू असेल तर त्याला फॉल-पिको आणि नवीन ब्लाऊज करून विधींना नेसा, फोटोत फार सुंदर दिसतो. नवऱ्याची शेरवानी भाड्याने घ्या, एरवी सोवळं-उपरणं आणि फेटा याच्याइतकं देखणं काही नाही, फेटे बांधणाऱ्याला मोजक्याच फेट्यांचं सांगा. मुंडावळ्या, हिरवा चुडा, अंतरपाट, परातभर लागणारं बारीकसारीक सामान तुळशीबागेत किंवा दादरला एका फेरीत होतं.

सोनं तर लाखाच्या पुढे गेलंय तोळ्याला, त्यामुळे मंगळसूत्र, तेही छोट्या वाट्यांचं, आणि जोडवी, एवढंच नवीन. बाकी आई-आजीचे दागिने पॉलिश करून घाला, फोटोपुरतं हवं असेल तर वन ग्रॅमचे दागिने भाड्यानेही मिळतात. घेताना हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी नंबर बघा, एप्रिल २०२३ पासून तो असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, बीआयएस केअर अॅपवर तो टाकून तिथेच तपासता येतो. मजुरीवर घासाघीस करा, सोन्याचा भाव ठरलेला असतो, मजुरी नसते.

पायरी ८: बाकीचं भराभर

फोटोग्राफर: प्री-वेडिंग नको, ड्रोन नको, एक फोटोवाला आणि एक व्हिडिओवाला, एका दिवसाचे. सगळे मूळ फोटो पेनड्राइव्हवर हवेत हे लिहून घ्या आणि अल्बम नंतर सावकाश करा. मुहूर्ताची, सप्तपदीची आणि दोन्ही घरांच्या एकत्र फोटोची यादी त्याला आधी द्या.

फुलं आदल्या पहाटे मार्केट यार्डातून किंवा दादरच्या फुलबाजारातून आणा, झेंडूच्या माळा मामेभावंडं रात्री बसून करतात. स्टेजला झेंडू, आंब्याची पानं, केळीचे खांब आणि रांगोळी पुरते. पत्रिका पन्नास छापा देवाला आणि मोठ्यांना, बाकी व्हॉट्सअॅपवर. रुखवत मावशीने घरी केलेलं ठेवा. डीजे अजिबात नको, सनई-चौघडा स्पीकरवर लावा, आणि वरातीत वाजंत्री लावलीच तर रात्री दहाच्या आत आटोपा कारण त्यानंतर उघड्यावर वाजवायला बंदी आहे.

पायरी ९: हिशोब

दीडशे माणसांचं एक उदाहरण मांडते, सोनं सोडून. हॉल लाईट-सफाईसकट ४५ हजार. जेवण साडेतीनशे रुपयांचं ताट धरून १५० चे ५२,५००, वर शंभर जणांचा नाश्ता-चहा ८० रुपयांप्रमाणे ८ हजार. सजावट-फुलं २०, गुरुजी आणि साहित्य १०, दोघांचे कपडे ३५, मानपान २५, फोटो ३०, बस-गाडी १५, मेकअप-मेंदी १२, वाजंत्री-साऊंड ८, पत्रिका ३ हजार. हे झाले २,६३,५००. वर २६,५०० हात न लावता बाजूला ठेवा, म्हणजे २ लाख ९० हजार. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, पण याच क्रमाने आकडे भरा. आणि मग हाच हिशोब चारशे माणसांचा करून बघा, घरच्यांना यादी कमी करायला पटवण्यासाठी यापेक्षा चांगला कागद नाही.

कर्ज काढायची वेळ आणू नका. तीन लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला साधारण १०,२५० चा हप्ता बसतो, म्हणजे ६९ हजारांच्या आसपास नुसतं व्याज, ज्यात वरच्या हिशोबातलं दीडशे माणसांचं अख्खं जेवण होतं. त्यापेक्षा तारीख सहा महिने पुढे घ्या आणि दोघांनी मिळून आरडी लावा. सावकाराकडून किंवा शेत गहाण ठेवून तर मुळीच नाही, मुलीच्या लग्नाच्या कर्जाने आपल्याकडे किती घरं बसली आहेत हे कोणाला सांगायला नको.

पैसे द्यायचे ते टप्प्याने, बुकिंगला थोडे, आदल्या आठवड्यात थोडे, काम झाल्यावर राहिलेले. शक्यतो युपीआयने द्या म्हणजे नोंद राहते. लग्नाच्या दिवशी कोणाला किती द्यायचेत त्याची पाकिटं नाव घालून आदल्या रात्री भरा आणि नवरानवरीच्या आईवडिलांना सोडून एका विश्वासू माणसाकडे द्या, आत्याचे यजमान, मोठा चुलतभाऊ, असा कोणी. मुलीचे वडील हळव्या मनाने उभे असताना त्यांच्यापुढे बिल धरू नये.

पायरी १०: लग्नानंतरचा आठवडा

हॉलची अनामत, डेकोरेटरचं परत द्यायचं सामान, दुकानदाराला परत करायचा किराणा, भाड्याची शेरवानी, हे चार दिवसांत आटपा, उशीर झाला की पैसे कापतात.

आणि नोंदणी. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नापासून ९० दिवसांत ती करायची असते, शहरात महापालिका-नगरपालिकेच्या ऑफिसात, गावात ग्रामपंचायतीत. नंतरही होते पण दंड लागतो. नमुना ड चा फॉर्म, दोघांचे वय-पत्त्याचे पुरावे, लग्नाची पत्रिका, लग्नाचा फोटो, ३ साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह, आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची माहिती व सही लागते. ही गुरुजींची सही नंतर मिळवायला फार हेलपाटे होतात, ते दुसऱ्या गावचे असले तर विचारूच नका, म्हणून फॉर्म आधीच छापून ठेवा आणि लग्नाच्या दिवशी दक्षिणा देतानाच सही घेऊन टाका, साक्षीदारही तिथेच असतात, त्यांच्याही सह्या आणि आधारच्या झेरॉक्स तेव्हाच. सर्टिफिकेट मिळाल्यावर स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतंय का ते खिडकीवरच वाचून बघा आणि दोन-तीन साक्षांकित प्रती काढून ठेवा, वरच्या योजनांच्या अर्जाला पहिली प्रत तिथेच लागते.